दोन आणि तीन

"दादा, तुम्हाला मरायची भीती वाटते का?"

प्रश्न माझा नव्हता, मुस्कानचा होता. "विचारून दाखव, कट वडा माझ्याकडून," असं म्हणून ती दुकानाच्या फाटकाबाहेर सायकलवर एक पाय टेकून कान देऊन उभी होती. तिच्यामागं प्रतीक्षा ओढणीत तोंड खुपसून हसत होती.

मी तेव्हा नववीत होते. आठवीपर्यंत हजेरीलासुद्धा बाईंना माझं नाव दोनदा घ्यावं लागायचं, इतका माझा आवाज लहान. मग विज्ञान प्रदर्शनात मी एका भंगारातल्या स्कूटरचं इंजिन कापून मांडलं, ते कसं चालतं ते परीक्षकांना घडाघडा सांगितलं, आणि तालुक्यात दुसरी आले. त्यानंतर माझं तोंड बंद होईना. कुणी काहीही विचार म्हटलं की मी विचारायची.

संग्रामदादा ऑइलच्या पालथ्या डब्यावर बसून चहा पीत होता. त्यानं आधी फाटकाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"पैज किती रुपयांची?"

"कट वड्याची."

"मग खरं उत्तर देतो," तो म्हणाला. "मला कशाला भीती? मी नुसता पाय दाबणार. भीती वाटायला पाहिजे ती इंजिन बांधणाऱ्याला." आणि चहाचा ग्लास त्यानं माझ्या पप्पांच्या दिशेनं केला.

पप्पा मशीनवर एका ट्रकच्या इंजिनाचा ब्लॉक लावत होते. ते हसले नाहीत. "बरोबर आहे त्याचं," म्हणाले. "तेजा, त्या पोरींना आत बोलव. चहा घेतील."

पोरी केव्हाच पळाल्या होत्या. कट वडा मात्र मिळाला, दुसऱ्या दिवशी, पाव जास्तीचा.

आमचं दुकान कोल्हापूरच्या उद्यमनगरात. पाटीवर 'लोहार इंजिनिअरिंग' एवढंच. ट्रक, ट्रॅक्टर, जीप, ज्याचं इंजिन बसलं ते पप्पांकडं यायचं. त्यांना सगळे म्हादबा मिस्त्री म्हणत. संग्राम जठार दूध संघाच्या टँकरवर ड्रायव्हर होता, वय चोवीस. त्यानं पैसे साठवून एक बारा वर्षांची छोटी पेट्रोल गाडी घेतली होती, आणि भंगारातल्या एका डिझेल गाडीचा टर्बो. तो टर्बो त्याला या गाडीला लावायचा होता. पुढं कधीतरी शर्यतीत उतरायचं होतं.

टर्बो म्हणजे इंजिनाच्या नाकात हवा कोंबणारा पंखा. जेवढी हवा जास्त, तेवढा स्फोट मोठा. पण आतले पिस्टन आणि रॉड तेच, जे कंपनीनं बाजारात भाजी आणायला जाणाऱ्या माणसासाठी बनवलेले. टर्बोसाठी वेगळे घडवलेले रॉड मिळतात, पण त्यांची किंमत संग्रामदादाच्या अख्ख्या गाडीपेक्षा जास्त.

"मग आहे तेच घट्ट करायचं," पप्पा म्हणाले होते. "म्हातारा पैलवान असतोय. त्याला नवी हाडं घालता येत नाहीत. पण मालिश करून, खुराक देऊन एक कुस्ती काढता येती."

"एकच?" संग्रामदादानं विचारलं.

"तू जपून खेळलास तर बऱ्याच."

दिवाळीची सुट्टी होती आणि साखर कारखान्यांचा हंगाम तोंडावर आलेला. उसाच्या गाड्यांची दुकानापुढं रांग. पप्पांना मान वर करायला वेळ नव्हता, म्हणून त्या छोट्या गाडीचं हातकाम त्यांनी मला दिलं.

चार रॉड त्यांनी माझ्यापुढं कापडावर मांडले. रॉड म्हणजे वर-खाली होणारा पिस्टन आणि खालचा फिरणारा दांडा, म्हणजे क्रँक, यांना जोडणारा हात. त्याचं खालचं टोक क्रँकला मिठी मारतं. त्या मिठीचा अर्धा भाग सुटा असतो, त्याला आम्ही कॅप म्हणतो. ती दोन बोल्टनी आवळतात.

"रॉड का तुटतोय, सांग."

"जोर जास्त झाला म्हणून."

"न्हाई. कुठंतरी एक ओरखडा असतोय. जोर तो शोधत येतोय." त्यांनी रॉडच्या बाजूनं अंगठा फिरवला. तिथं वरपासून खालपर्यंत एक बारीक कड होती. "ही शिवण. लोखंड साच्यात ठोकतात तेव्हा दोन्हीकडनं इथं येऊन भेटतं. तुझ्या आईच्या शिलाईच्या कामात शिवण म्हणजे मजबुती. हितं शिवण म्हणजे कमजोरी. ही घासून काढायची. उभी घासायची, आडवी कधीच नाही. आडवा ओरखडा ठेवलास तर कुठं तुटायचं ते तूच त्याला सांगून ठेवलंस म्हणून समज."

मग त्यांनी कॅप आणि रॉडच्या जोडावर बोट ठेवलं. तिथं दोन्हीकडं एकच आकडा ठोकलेला होता. एक, दोन, तीन, चार.

"हे जन्माचे जोडीदार. कॅप लावून मग त्याचं भोक पाडतात, म्हणून हिचं ह्यालाच बसतं. दुसऱ्याची लावलीस तर बसंल, बोल्टबी लागंल. पण भोक गोल राहत नाही. केसभर चुकतं."

"केसभरानं काय होतं?"

"हळू चालवलं तर काही नाही. जोर दिला की तिथलं बेअरिंग तापतं. तापलं की चिकटतं. मग रॉड तुटतो आणि ब्लॉक फोडून बाहेर येतो. गाडी वेगात असली तर चाकं जाम." त्यांनी चिंधीला हात पुसले. बराच वेळ पुसले. "निपाणीच्या एका गाडीचं बघितलोय मी."

"काय झालं तिचं?"

"घास तू," पप्पा म्हणाले.

मी घासले. आधी छोट्या ग्राइंडरनं, मग जाड पॉलिश पेपरनं, मग बारीक, मग त्याहून बारीक. चार दिवस. बोटांची टोकं काळी पडली आणि तिखट लागल्यासारखी झोंबायला लागली. पण त्या राखाडी लोखंडातून हळूहळू चांदी वर यायला लागली, आणि मला वेडच लागलं. जेवणाचा डबा घेऊन आई आली तेव्हा मी तिला रॉडमध्ये तिचं तोंड दाखवलं.

"आरसा केलायस की," ती म्हणाली. "आता जेव."

पप्पा मशीनवरूनच म्हणाले, "बास आता. कडेला जास्त नको."

"जरासंच."

त्या आठवड्यात दुकानात आलेल्या तीन गिऱ्हाइकांना पप्पांनी हाक मारून ते रॉड दाखवले. "हे पोरीचं काम," म्हणाले. एक ट्रकमालक म्हणाला, "मिस्त्री, मुलगा नाही म्हणून काय बिघडलं नाही तुमचं." मला त्याचा राग यायला हवा होता, पण मला फक्त पहिलं वाक्य ऐकू आलं. मी परत पेपर उचलला आणि जोडाच्या कडासुद्धा गुळगुळीत करायला घेतल्या. दोन आणि तीन नंबरच्या झाल्या तोवर संध्याकाळ झाली.

पुढचं काम छऱ्यांचं. उद्यमनगरातच मागच्या गल्लीत एक कारखाना आहे, तिथं गाड्यांच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर आणि गिअरवर स्टीलच्या बारीक छऱ्यांचा मारा करतात. लाखो छोटे हातोडे बसल्यासारखं होतं. वरची कातडी आवळून घट्ट होते आणि भेग सुरू व्हायला जागा राहत नाही. पप्पांनी प्रत्येक कॅप तिच्या रॉडला तारेनं बांधली आणि मी ती पिशवी सायकलला अडकवून देऊन आले.

दोन दिवसांनी आणायला गेले तर रॉड एका डब्यात आणि कॅपा दुसऱ्या डब्यात.

"तारा कुठं गेल्या?"

"तारेखाली छरे लागत न्हाईत, म्हणून तोडल्या," तिथला माणूस म्हणाला. "नंबर हाईत की त्याच्यावर."

मी दुकानात येऊन सगळं कापडावर मांडलं. चांदी गेली होती. सगळ्यावर राखेसारखा एकसारखा, मऊ दिसणारा रंग. एक नंबर दिसत होता. चार नंबर दिसत होता.

दोन आणि तीन नव्हते.

मी रॉड उजेडात धरले, तिरके केले, थुंकी लावून बघितली. आकडे मी अर्धे घासून घालवले होते आणि उरलेले छऱ्यांनी मिटवले होते. दोन रॉड, दोन कॅपा. कुणाची कोण, सांगायला काहीच नाही.

पप्पा कागलच्या बाजूला एका कारखान्यावर बंद पडलेली गाडी बघायला गेले होते. दुकानात मी एकटी. एक कॅप एका रॉडला लावून बघितली. बसली. मग दुसऱ्या रॉडला लावली. तीही बसली. आतून बोट फिरवलं. दोन्हीकडं सारखंच लागलं. केसभर फरक बोटाला कळत नाही, आणि तो काट्यावर दाखवणारं मोजायचं घड्याळ पप्पांच्या कपाटात कुलपात होतं.

सांगायचं होतं, आणि सांगणं सोपं होतं. पप्पा मोजून पाच मिनिटांत लावून देणार, एवढंच. पण मला ट्रकमालकापुढं ते चार रॉड हातात धरून उभे असलेले पप्पा दिसत राहिले. 'हे पोरीचं काम.'

मी हातोडी आणि लोखंडावर टिंब उठवणारा सेंटर पंच घेतला. एक कॅप उचलली, एक रॉड उचलला आणि दोघांवर दोन दोन टिंबं मारली. उरलेल्या दोघांवर तीन तीन. दहा घाव झाले. प्रत्येक घावाला वाटत होतं की शेजारच्या दुकानातून कुणीतरी डोकावून बघेल. कुणी डोकावलं नाही.

संध्याकाळी पप्पा आले. हात धुऊन त्यांनी दोन नंबरचा रॉड उचलला.

"नंबर गेले काय गं?"

"घासताना पुसट झाले होते. म्हणून छऱ्याला द्यायच्या आधीच मी टिंबं मारून ठेवली."

"आधीच?"

"हो. आधीच."

त्यांनी रॉड बल्बखाली धरला. जरा वेळ धरला. मग खाली ठेवला.

"शहाणी," म्हणाले.

अजूनही, बारावीत पोचल्यावरही, कुणी मला शहाणी म्हटलं की मी घाईनं विषय बदलते.

पुढच्या दोन दिवसांत इंजिन बांधलं. पिस्टनच्या रिंगांच्या तोंडातली फट पप्पांनी कानशीनं वाढवली, कारण टर्बोच्या उष्णतेनं रिंगा जास्त फुगतात. हेडखाली जाड गास्केट घातलं. बोल्ट सगळे नवे. मी एकेक वस्तू डिझेलमध्ये धुऊन हातात देत होते आणि ते नाव घेऊन मागत होते. "एक." दिला. "चार." दिला. "दोन." दिला. "तीन."

"खुणा बघून दिल्यास ना?"

"हो."

सगळे आवळून झाल्यावर त्यांनी क्रँक हातानं फिरवला. फिरला. एका जागी जरा जड गेला. त्यांनी मागं घेतला, परत पुढं आणला. परत त्याच जागी.

"नव्या रिंगा आहेत," ते म्हणाले. मला म्हणाले की स्वतःला, कळलं नाही. तिसऱ्यांदा फिरवला आणि मग ऑइलचं चेंबर लावायला घेतलं.

त्या दिवसांत मी व्यवस्थित जेवत होते. मुस्कानकडं जाऊन फराळ केला, प्रतीक्षाच्या अंगणातल्या किल्ल्याला माती कालवली. निम्मी शक्यता बरोबर असण्याची आहे, असं मी मनात मांडलं होतं. निम्मी म्हणजे पुष्कळ. परीक्षेत एवढ्या खात्रीवर मी कितीतरी उत्तरं लिहिली होती आणि ती बरोबर आली होती.

शनिवारी दुपारी गाडी सुरू झाली. पहिल्याच खेपेला. संग्रामदादानं दोन्ही हात कानांवर ठेवून तोंड उघडलं आणि तसाच उभा राहिला. टर्बोची ती बारीक शीळ, जणू लांब कुठंतरी कुकर लागलाय. पप्पांनी पाऊण तास जागेवरच चालवली, ऑइल बघितलं, पाणी बघितलं.

"उद्या सकाळी करूळ घाट," संग्रामदादा म्हणाला. "उजाडताच निघतो. गगनबावड्यावरनं खाली उतरायचं, वैभववाडीला चहा आणि येताना चढावर पाय दाबायचा. बघू म्हाताऱ्या पैलवानात किती दम आहे. एकटाच जाऊन येतो, रस्ता मोकळा मिळंल."

"एकटा?" पप्पा म्हणाले. "रीत विसरलास काय?"

"ती ट्रकची रीत, मिस्त्री. ह्या खेळण्याला कशाला?"

"इंजिन ते इंजिन. शेवटचा बोल्ट मी आवळलाय. मी बसतो शेजारी."

उद्यमनगरातल्या सगळ्या दुकानांत नसेल, पण आमच्याकडं ही रीत माझ्या आजोबांपासून. इंजिन बांधून झालं की ते पहिल्यांदा घाट चढणार तेव्हा ज्यानं रॉडचा शेवटचा बोल्ट आवळला तो माणूस ड्रायव्हरच्या शेजारी बसतो. पावती नाही, गॅरंटीचा कागद नाही. शेजारी बसतो, एवढीच गॅरंटी. लहानपणी पप्पा असे घाटात गेले की येताना फणसपोळी आणायचे, म्हणून मला ती रीत फार आवडायची. ती गोड खायची रीत आहे, असंच मला वाटत होतं.

संग्रामदादा माझ्याकडं वळला. "तुझ्या मैत्रिणीला सांग, आता दोघांना विचारायला पाहिजे तो प्रश्न."

मला हसायचं होतं. 'सांगते' म्हणाले, तर त्याला 'काय?' म्हणून परत विचारावं लागलं. आठवीतल्यासारखं.

घरी आले तर आई मशीनवर ब्लाउज शिवत होती. भावबीजेचे कपडे, तिची घाई. कापड उलटंपालटं करत पुटपुटत होती.

"काय झालं?"

"खडूची खूण पुसली. डावी बाही कुठली आणि उजवी कुठली कळेना."

"काप की अंदाजानं," मी म्हणाले. "निम्मी शक्यता बरोबर असण्याची."

आईनं चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं. "अंदाजाचं कापड अंगावर चढल्यावर बोलतं, तेजू. तोवर गप्प बसतं." आणि तिनं टेप घेऊन परत मोजायला सुरुवात केली.

मी पाणी प्यायला आत गेले. तिथं उभी असताना मला जे कळलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. संग्रामदादा एकटा जाणार होता, तेव्हाही ते रॉड तेच होते. तेव्हाही निम्मं-निम्मंच होतं. त्याला पण आई होती, शिंगणापूरला, मी तिला बघितलेलं होतं, तिनं मला पेरू दिला होता. तरी मी किल्ल्याची माती कालवत बसले होते.

सकाळी उजाडत होतं तेव्हा गल्लीत हॉर्न वाजला. मग ती शीळ, आमच्या दारापर्यंत येऊन थांबलेली.

पप्पा उंबऱ्यात बसून बुटांची नाडी बांधत होते. आईनं वाटीतलं दही त्यांच्या तळहातावर घातलं. "घाटात दरीच्या बाजूला बसू नका म्हणावं तर सीटच तिकडं," ती म्हणाली. "येताना फणसपोळी मिळाली तर बघा."

"बघतो."

मी दारात जाऊन उभी राहिले.

"सर बाळ," पप्पा म्हणाले.

"गाडी जाणार नाही."

"काय?"

"दोन आणि तीन. त्या खुणा मी आधी मारल्या नव्हत्या. छऱ्यावरनं आल्यावर मारल्यात. नंबर गेले होते. कुठली कॅप कुणाची मला माहीत नव्हतं. अंदाजानं मारल्या."

आईच्या हातातला चमचा वाटीला लागला. बाहेर इंजिन चालू होतं, एकसारखं, छान. तेच ऐकत मी उभी राहिले. आत काय चाललंय हे त्या आवाजात कुठंच नव्हतं.

पप्पांनी तळहातावरचं दही खाल्लं. मग नाडी सोडली. एक बूट काढला, दुसरा काढला आणि दोन्ही एकाशेजारी एक नीट लावून ठेवले.

"टिंबं चमकत होती," ते म्हणाले. "छऱ्याखालनं गेलेलं टिंब मळकं असतंय. तुझी नवी होती. बघितलो होतो मी."

"मग विचारलं का नाही?"

"पोरीला कसं विचारायचं, खोटं बोललीस काय म्हणून." ते उठले. "आणि क्रँक अडकला तेव्हा रिंगांचं नाव घेतलो. ते कुणी सांगितलं होतं मला?"

अनवाणीच ते बाहेर गेले. संग्रामदादानं काच खाली केली. डोक्याला रुमाल बांधलेला, कपाळाला कुंकू.

"बसा की मिस्त्री."

"बंद कर."

"काय झालं?"

"माझ्याकडनं चूक झाल्या. खोलायचं."

संग्रामदादानं त्यांच्या पायांकडं बघितलं, मग दारातल्या माझ्याकडं. त्याला काय समजलं, माहीत नाही. "भीती वाटली काय?" तो म्हणाला, चेष्टेत.

"हो," पप्पा म्हणाले.

त्यानं चावी फिरवली. शीळ थांबल्यावर गल्ली एवढी शांत झाली की समोरच्या घरातल्या पूजेची घंटी ऐकू आली.

इंजिन उतरवायला दोन दिवस गेले. उसाच्या गाड्या बाहेर तिष्ठत होत्या, त्यांचे ड्रायव्हर कुरकुरत होते. पप्पा कुणाशी बोलले नाहीत, माझ्याशीही कामापुरतं. दोन नंबरची कॅप उघडल्यावर त्यांनी आतलं बेअरिंग काढलं, पुसलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. नखाएवढ्या पातळ त्या अर्धगोलावर एका कडेला निळसर काळा पट्टा उठला होता. बोट लावलं तर खरखरीत. जागेवर उभ्या गाडीत पाऊण तास आणि गल्लीपर्यंत येणं, एवढं चालल्यावर.

"घाट चढला असता?" मी विचारलं.

"निम्मा," पप्पा म्हणाले.

त्यांनी कपाट उघडलं, मोजायचं घड्याळ काढलं. माझ्या जोड्या मोजल्या. काटा हलला, म्हणजे भोक गोल नव्हतं. मग कॅपा बदलल्या, आवळल्या आणि घड्याळ माझ्याकडं दिलं. मी भोकात फिरवलं. काटा जागचा हलला नाही.

"आता मार टिंबं," ते म्हणाले. "हितं नको, खाली मार. जिथं हात जात नाही तिथं."

मी मारली. सरळ आली.

नवं बेअरिंग बसवलं, बोल्ट परत नवे आणले. एक, चार, दोन. शेवटी तीन. पहिला बोल्ट पप्पांनी आवळला. टॉर्क पाना ठरलेल्या जोरावर पोचला की 'टक्' असा आवाज करतो, म्हणजे बास. टक् झालं. आता एकच बोल्ट राहिला. त्यांनी पाना जरा बाजूला ठेवून कपाळाचा घाम पुसला, आणि तेवढ्यात मी तो उचलला.

त्यांचा हात पुढं आला. मी दिला नाही.

"जड जाईल तुला."

"जाऊ दे."

दोन्ही हातांनी लटकले. पाना हलेना. मग हलला, जरासा, आणि परत जरासा. खांदे भरून आले. पप्पा हात पुढं करून तसेच उभे होते, मागेही घेत नव्हते आणि मदतही करत नव्हते. टक्.

त्यांनी क्रँक फिरवला. एक फेरी, दोन, तीन. त्या जागेवरनं तो लोण्यातनं गेल्यासारखा गेला.

रात्रीचं जेवण आईनं लवकरच वाढलं. भाकरी मोडत ती म्हणाली, "मग उद्या तरी जाणार काय घाटात?"

"हो," पप्पा म्हणाले. "संग्राम सहाला येतोय. फणसपोळीचं लक्षात आहे."

माझ्या पुढ्यातलं ताट मी सरकवलं. आमच्या घरी जेवताना कुणी असं करत नाही, म्हणून दोघांनी वर बघितलं.

"पप्पा जाणार नाहीत," मी म्हणाले.

आईचा हात भाकरीवरच थांबला. "आता काय राहिलं आणि?"

"काही राहिलं नाही. सगळं बरोबर आहे, मी मोजलंय. पप्पांनी पण मोजलंय." माझा आवाज मोठा नव्हता, पण यावेळी कुणाला परत विचारावं लागलं नाही. "शेवटचा बोल्ट मी आवळलाय. उद्या शेजारी मी बसणार."